कानात सांगितलेलं नाव

१

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं आहेत आणि त्यात गूढ असं काही नाही. ऑफिसात मी कॅडी आहे. कादंबरी म्हणायला गेलं की लोक मध्येच अडखळतात, माफी मागतात, आणि पुढच्या सोमवारी नव्याने अडखळून नव्याने माफी मागतात. त्यापेक्षा कॅडी परवडलं. माझ्या नवऱ्याला, यतीनला, त्याच्या टीममध्ये यॅट म्हणतात. तो त्यालाही छान ओळखीचं हसतो.

मुलीच्या बाबतीत हा घोळ नको होता. दोन्हीकडे चालेल असं नाव हवं होतं. नागपूरच्या आत्याला तोंडभरून म्हणता यावं आणि इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या शाळेतल्या बाईंनाही जमावं. अनिका सापडलं तेव्हा यतीन म्हणाला, "परफेक्ट. हे तर स्वीडनमध्येपण चालतं यार." आम्हाला स्वीडनला कधी जायचं होतं ते त्यालाच माहीत.

माझं कामही नावांचंच. एका युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टचा डेटा मी घरून सांभाळते. मध्ययुगात आपला मुलूख सोडून परक्या बंदरांवर जाऊन राहिलेले विणकर, गवंडी, व्यापारी, त्यांच्या बायकामुलांची नावं. कुठे कराच्या नोंदीत सापडलेली, कुठे थडग्याच्या दगडावर. पहिल्या पिढीची नावं मुलखाकडची असतात, दुसरीची अर्धीमुर्धी, तिसरीची पार तिथलीच. आमच्या प्रोफेसरबाई याला विरघळणं म्हणतात. आलेखावर मुलखाकडच्या नावांची रेघ हळूहळू खाली येते आणि मग नसतेच.

संध्याकाळी मी लॅपटॉप मिटते, अनिकाला स्वयंपाकघरातल्या चटईवर सोडते आणि कुकर लावते. ओट्यापासून एक बोळ निघतो तो थेट मागच्या खोलीपर्यंत. ती खोली यतीनच्या बहिणीसाठी, वीणाताईंसाठी ठेवलेली आहे. पलंगावर चादर घातलेली, उशीवर नवा अभ्रा. त्यांचा व्हिसा होईना, म्हणून खोली आपली वाट बघत होती.

२

बारसं आम्ही तिसऱ्या महिन्यात केलं, तेही वीणाताईंची वाट बघून बघून. आत्याशिवाय बारसं कसं करणार? पण मुलाखतीची तारीख पुन्हा पुढे गेली तेव्हा यतीन म्हणाला, "ताई व्हिडिओवर येईल. डन."

मंडळाचा पाळणा आणला. तो लाकडी, घडीचा पाळणा इथल्या निम्म्या मराठी पोरांनी पाहिलेला आहे. त्याला प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा लावल्या. घुगऱ्या शिजवल्या. सकाळची वेळ होती, नागपूरला संध्याकाळ. वीणाताई पैठणी नेसून, नथ घालून फोनसमोर बसल्या होत्या. मागे त्यांच्या देवघराचा दिवा दिसत होता.

नाव कानातच सांगायचं असतं, म्हणून स्पीकर बंद करून फोन अनिकाच्या कानाला लावायचं ठरलं. तो धरला राधिकाने. राधिका दोन घरं सोडून राहते, मूळची मुंबईची, कुठल्याही कामात न बोलावता पुढे. ती पाळण्यावर वाकली, आम्ही चौघीजणी तिच्याभोवती वाकलो. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालून कुर्रर्र करायचं असतं. आत्या नागपुरात, म्हणून ते धपाटे राधिकाने खाल्ले.

"अगं हळू, मी फक्त टॉवर आहे," ती म्हणाली आणि आम्ही हसलो.

त्या हसण्यातही मला फोनमधला आवाज ऐकू आला. एवढं मी शपथेवर सांगेन. बाईचा आवाज होता, हळू, शब्द न कळणारा. अनिकाने मान वळवली, फोन आपल्या गालाशी दाबला आणि ती खळखळून हसली. तोवर ती कधीच आवाज करून हसली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग फोन बंद पडला, पानं वाढली, श्रीखंड सगळ्यांना आवडलं.

३

एप्रिलमध्ये इथे पाइनच्या झाडांचे परागकण सगळीकडे बसतात. गाड्या पिवळ्या, पायऱ्या पिवळ्या, खिडकीच्या कडा पिवळ्या. त्या पिवळ्या दिवसांत आम्ही अनिकाला नवव्या महिन्याच्या चेकअपला नेलं.

डॉक्टर बोलक्या होत्या. बसते का, रांगते का, टाळ्या वाजवते का, असं विचारत विचारत त्यांनी विचारलं, नावाने हाक मारली की वळून बघते ना? मी सवयीने हो म्हटलं. त्यांनी तिच्या मागे जाऊन हाक मारली. अनिका तपासणीच्या टेबलावरचा कागद टरकावत राहिली. मी हाक मारली, यतीनने मारली. कागद फाटत राहिला. डॉक्टरांनी किल्ल्या वाजवल्या तेव्हा मात्र ती झटकन वळली. ऐकू उत्तम येत होतं.

बहुतेक बाळं एव्हाना वळतात, डॉक्टर म्हणाल्या. घाबरू नका, पण लक्ष ठेवा. वर्षाची होईपर्यंत नाही वळली तर पुढच्या तपासण्या सुरू करू.

यतीनने अनिकाला गाडीतल्या सीटमध्ये बसवलं. मग म्हणाला, "स्टबर्न आहे. तुझ्यावर गेलीय." मी पार्किंगमध्येच रडून घेतलं. मला जगाकडून फार काही नको होतं. मी हाक मारावी आणि माझ्या मुलीने माझ्याकडे वळून बघावं, एवढंच हवं होतं.

डॉक्टरांना एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण ती कशी सांगायची ते मला कळलं नाही. अनिका घरी वळत होती. कुकरच्या शिट्ट्या थांबून घर शांत झालं की ती खेळणं खाली ठेवायची, मान वळवायची आणि बोळातून मागच्या खोलीकडे बघून हसायची. दिवसभर डेकेअरमध्ये राहिलेलं मूल आईला बघून हसतं तसं. त्या वेळी कोणीही हाक मारलेली नसायची.

४

मनात एक वेडी शंका आली होती. ती मिटवावी म्हणून मी वीणाताईंना फोन लावला.

"वीणाताई, बारशाला तुम्ही नाव बरोबर सांगितलं होतं ना? अनिकाच?"

"अगं, मी कुठे सांगितलं?"

"म्हणजे?"

"तुमचा व्हिडिओ गोठला न. ती राधिका वाकलेली, तुम्ही सगळ्या वाकलेल्या, तशाच्या तशा. मी इकडे हॅलो हॅलो करून राहिले, कोणाला ऐकूच जाईना. मग कट झाला. मला वाटलं, राधिकानेच सांगून टाकलं असेल. आनंदाच्या दिवशी कशाला विरजण घालायचं, म्हणून मी बोलले नाही बाई."

मी तशीच उठून राधिकाकडे गेले. ती दारातच म्हणाली, "मी? मी कशाला सांगू? मी फोन धरला होता आणि मार खाल्ला होता. तुझी नणंद बोलली की. हाताला जाणवत होतं, फोन थरथरत होता."

"काय म्हणाल्या?"

"कादंबरी, कानात सांगतात ते आपण ऐकायचं नसतं." मग माझा चेहरा बघून तिने मला आत ओढलं. "अगं, मी हिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात. काही होत नाही तिला. चहा घे."

यतीनकडे उत्तर तयार होतं. लॅग असेल, ताईचंच आधीचं बोलणं अडकून मागाहून ऐकू आलं असेल. मलाही ते पटलं. पटवून घेतलं. पुन्हा फोन लावला, वीणाताईंनी पुन्हा पैठणी नेसून अनिका, अनिका, अनिका असं कानात सांगितलं, फोन धरलेल्या यतीनच्या पाठीत मी स्वतः धपाटे घातले. अनिकाने फोनचं कव्हर चावलं आणि मग ती बोळाकडे बघत बसली. कोणीतरी आधीच येऊन गेलं होतं. आम्ही उशिरा पोचलो होतो.

५

मी भाबडी नाही. दिवसभर नोंदी तपासणारी बाई आहे, पुरावा नसेल तर रकाना रिकामा ठेवते. म्हणून आधी मी एसीचा संशय घेतला. या घरांत भिंतींच्या आतून पत्र्याची नळकांडी गेलेली असतात, कुठलाही आवाज कुठेही निघतो. पण मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोणाचं घर नाही. नुसती पाइनची झाडं आहेत आणि त्यांच्यामागे तळं.

मे महिन्यातल्या एका दुपारी यतीन ऑफिसला असताना मी एसी बंद केला. फ्रिजचा प्लगही काढला. घर इतकं शांत झालं की तळ्यावरच्या बदकांचं भांडण ऐकू येऊ लागलं. मी अनिकासमोर मांडी घालून बसले. ती लाकडी ठोकळे एकावर एक ठेवत होती.

तिचा हात थांबला. तिने मान वळवली, बोळाकडे बघितलं आणि म्हणाली, "ओ."

माझ्या मुलीचा पहिला शब्द. मी महिनोन्महिने तिच्यासमोर आई, आई म्हणत बसले होते.

नुसता तोंडातून निघालेला आवाज असेल, असं मी स्वतःला म्हणाले. पण हाकेला दिलेली ओ आणि नुसता ओ यात फरक असतो, आणि तो कोणालाही कळतो. शिवाय आमच्या घरात कोणी ओ देतच नाही. यतीन "हां, बोल" म्हणतो, मी "काय रे" म्हणते. ओ मी माझ्या आईकडे ऐकली होती. दिवेलागणीला एका हाकेला ओ देऊ नये, असं आई म्हणायची. तीनदा हाक आली तर माणूस समजावं. मला ते तेव्हा नुसतं घाबरवणं वाटायचं, आणि अनिकाला हे सांगायला मी विसरले होते. वर्षाच्याही नसलेल्या मुलीला कोण सांगतं?

मी मागच्या खोलीत गेले. पडद्याच्या पट्ट्यांतून हिरवं ऊन आत आलं होतं. कपाट बंद, खिडकी बंद. पलंगाच्या कडेला चादर जराशी दबलेली होती, कोणी टेकून बसून उठावं तशी. कपड्यांच्या घड्या करायला मीच बसले असेन. मी चादर सारखी केली आणि दार ओढून घेतलं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. मला हेवा वाटला, सरळ सरळ हेवा. माझ्या लेकीला कोणीतरी हाक मारत होतं आणि ती ओ देत होती.

६

त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये प्रोफेसरबाईंनी एका थडग्याचा फोटो दाखवला. कुठल्याशा बंदरावरच्या परक्या वस्तीतलं लहान मुलीचं थडगं. वर त्या बंदरावर चालणारं चारचौघांचं नाव कोरलेलं. त्याखाली दगड हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलेला आणि कोरा.

दुसऱ्या ओळीसाठी जागा ठेवली असेल, बाई म्हणाल्या, मग राहून गेलं असेल.

मी विचारलं, या लोकांच्या आया घरी मुलांना काय हाक मारत होत्या, ते कुठे मिळतं का? बाईंनी चष्मा काढला. नाही मिळत, त्या म्हणाल्या. नाव लिहून घेणारा दाराशी यायचा, त्याला दारातलं नाव सांगत. पोर ज्या नावाने अंगणातून घरात येतं, ते कोणी लिहून ठेवत नाही. ते फक्त तोंडात असतं आणि कानात.

मीटिंग संपल्यावर मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत होते. मला तो दगड राहून गेलेला वाटला नाही. कोणीतरी ती ओळ लिहू दिली नव्हती, असं वाटलं.

संध्याकाळ झाली होती. जेवणाआधी अनिका चटईवर आडवी झाली होती, डोळे अर्धे मिटलेले. मी तिच्याशेजारी आडवी झाले. तिच्या केसांना तेलाचा आणि बिस्किटांचा वास येत होता. बाहेर झाडांत ऊन उतरत होतं आणि फरशीवर त्याचे तुकडे हलत होते. मला पेंग आली असावी. मी माझा कान तिच्या कानाला लावला, कानशिलाला कानशील, आणि तशीच पडून राहिले.

मग मला ते ऐकू आलं. आवाज बोळातून आला नाही. तो तिच्या कानातून माझ्या कानात आला, आधीपासून आत साठवून ठेवल्यासारखा. बाईचाच आवाज, दमलेला, पण लाडाचा. तिने नाव घेतलं. लहानसं, दोन अक्षरी नाव. ते मराठी नव्हतं आणि इथलंही नव्हतं. हजारो नावं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यांत ते कुठेही नव्हतं. तरी ते ऐकल्यावर, आता घरी जायला हवं, उशीर झाला, असं मला वाटलं.

अनिका झोपेतच पुटपुटली, "ओ."

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनिकाला मांडीवर घेतलं आणि ते नाव तिच्या कानात म्हटलं.

ती वळली. माझ्याकडे. आधी डोळे मोठे झाले, मग तिने दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. इतके महिने मी या मुलीला दूध पाजलं, न्हाऊ घातलं, पण तिने मला असं पाहिलं ते त्या सकाळी. मी इतकी सुखावले की पुढचं काही सुचलंच नाही. सुचायला हवं होतं. नाव एखाद्याच्या तोंडचं उचलून घेतलं तर ते कोणाचं, हे आधी विचारावं, एवढं तरी माझ्या कामाने मला शिकवायला हवं होतं.

मी ते फक्त कानात म्हणायचे. यतीनलाही सांगितलं नाही. "घरचं नाव आहे," एवढंच म्हटलं. "क्यूट," तो म्हणाला, "मला पण सांग ना." सांगायला तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. वाढदिवसाच्या चेकअपला डॉक्टर बघत असताना मी तिच्या मागे वाकून ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. ती चटकन वळली, हसली. डॉक्टरांचाही जीव भांड्यात पडला. पुढच्या तपासण्यांचं नाव कोणी काढलं नाही.

तिचं बोळाकडे बघणंही थांबलं होतं. मागच्या खोलीतली चादर मात्र मला वरचेवर सारखी करावी लागत होती.

आणि एकदाचा वीणाताईंचा व्हिसा झाला. त्या यायच्या दिवशी यतीन त्यांना आणायला विमानतळावर गेला. ऊन कलतं होतं, झाडांतून रातकिड्यांसारखं काहीतरी एकसुरी किरकिरत होतं. मी पुरणपोळ्यांची कणीक तिंबत होते, हात कोपरापर्यंत माखलेले. फोन वाजला तो मी कोपरानेच उचलला.

"लँड झाली ताई," यतीन म्हणाला. "बॅग्ज यायच्यात. अर्ध्या तासात निघतो. ताई विचारतेय, अनिका जागी आहे ना?"

"जागी आहे. वाट बघतेय," मी म्हटलं.

अनिका आताशा धरून धरून चालायची. फोन ठेवला तेव्हा ती चटईवर नव्हती. टेबलाखालून बोळाच्या तोंडापर्यंत पोचली होती, भिंतीला हात लावून, पाठमोरी. तिथे इस्त्री ठेवलेली होती, वायर लोंबत होती. हात माखलेले, धावत जायला मध्ये टेबल. मी घाबरून हाक मारली. अनिका अशी नाही मारली. ज्या हाकेला ती वळते तीच मारली, पहिल्यांदाच मोठ्याने, घरभर ऐकू जाईल अशी.

अनिका थांबली. वळून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ओ."

मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात मागच्या खोलीतून, ओढून घेतलेल्या दाराआडून, एक मोठी बाई म्हणाली, "ओ."

तिचा आवाज लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाचा असतो तसा होता. त्यात राग नव्हता. उलट, इतक्या काळाने कोणीतरी आपल्या नावाने हाक मारली याचं बरं वाटल्यासारखं होतं. पलंग करकरला. दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत दोन पावलांएवढा अंधार येऊन उभा राहिला.

मी कणकेचे हात तसेच पुढे केले. "अनिका," मी म्हटलं, "अनिका, माझ्याकडे ये. आईकडे ये."

अनिका हे कोणाचं नाव आहे ते तिला माहीत नव्हतं. ती बोळाकडे वळली आणि तिने उचलून घेण्यासाठी दोन्ही हात वर केले.